परदेशाचा उंबरठा (लेखांक ६) : कागद मालकाचा, प्रतीक्षा चाकराची

मागील लेखांकात आपण एच-वन-बी या मुदतबंद परवान्याचा विचार केला. सहा वर्षांची ती मुदत सरत आली म्हणजे मनुष्य ज्या कायम वास्तव्याच्या परवान्याकडे, म्हणजे ग्रीन कार्डाकडे, डोळे लावून बसतो, त्याच्या वाटेवरील पहिला नाका म्हणजे अमेरिकेच्या श्रमखात्याचा दाखला. आणि या दाखल्याविषयी विस्ताराने लिहावे असा आग्रह आमच्या निशातगंजातील वाचकांनी विशेषेकरून धरला होता. लखनौत गोमतीच्या उत्तर तीरावरील ही वस्ती, पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा क्रमांकांनीच ओळखल्या जाणाऱ्या तिच्या बोळांतून निवृत्त अभियंते, प्राध्यापक आणि बँकांतील अधिकारी यांची बिऱ्हाडे आहेत. १९२६ साली भातखंड्यांनी नदीपलीकडे संगीत महाविद्यालय काढले आणि श्रीकृष्ण रातंजनकरांसारखी माणसे या शहरात आली, तेव्हापासून लखनौला मराठी घरे अपरिचित राहिली नाहीत. अशा मोजक्या घरांतूनही आता एखादा मुलगा किंवा मुलगी टेक्ससमध्ये नाही तर न्यू जर्सीत असते. संध्याकाळी करामत मार्केटकडे भाजीला निघालेली मंडळी एकमेकांना 'लेबर निघालं का?' असे विचारतात, आणि उत्तर बहुधा नकारार्थी येते. हे 'लेबर', म्हणजेच हा दाखला, कोणाकडून निघते, कोणाच्या नावाने निघते आणि इतके का अडते, हे मात्र विचारणाऱ्यास आणि सांगणाऱ्यास सारखेच अस्पष्ट असते.

या दाखल्याचा पूर्वेतिहास थोडा चमत्कारिक आहे. १८८५ साली अमेरिकेने जो कायदा केला त्यान्वये परदेशी मजुरास आगाऊ करार करून आणणे हाच गुन्हा ठरला होता, कारण गिरणीमालक व खाणमालक स्वस्त मजूर आणून संप मोडतात अशी तेथील कामगारांची रास्त तक्रार होती. १९५२ च्या कायद्याने ते धोरण पालटले आणि परदेशी कामगारामुळे देशी कामगाराचे नुकसान होते असे दिसल्यास त्यास अटकाव करण्याचा अधिकार श्रममंत्र्यास दिला. आणि १९६५ च्या दुरुस्तीने तो अधिकारही उलटा फिरवून असे ठरविले की, हे काम करण्यास समर्थ, राजी आणि पात्र असा देशी मनुष्य उपलब्ध नाही, व या नेमणुकीने देशी कामगारांच्या वेतनास आणि स्थितीस बाध येत नाही, असे श्रमखात्याने स्वतः होऊन लिहून दिल्यावाचून अर्जदारास पुढे पाऊलच टाकता येणार नाही. खात्याने हरकत घेतली नाही म्हणजे वाट मोकळी, असा पूर्वी जो नियम होता त्याच्या जागी, खात्याने मंजुरी दिली नाही तोवर वाट बंद, असा नियम आला. विलंबाचे बीज येथेच पडले, असे मला वाटते; कारण पहिल्या नियमात खात्याची दिरंगाई अर्जदारास लाभते, दुसऱ्यात तीच त्याच्या मुळावर येते.

आजची रीत अशी. मालकाने प्रथम त्या हुद्द्यास त्या प्रांतात कोणते वेतन चालू आहे ते सरकारकडून ठरवून घ्यावे. मग रविवारच्या वर्तमानपत्रांत दोन जाहिराती द्याव्या, राज्याच्या रोजगार कचेरीत तीस दिवस जागा नोंदवून ठेवावी, कामाच्या ठिकाणी दहा कामकाजी दिवस सूचना लावावी, पांढरपेशा हुद्दा असल्यास आणखी तीन मार्गांनी उमेदवार शोधावे, आलेल्या प्रत्येक देशी उमेदवारास का नाकारले याचा हिशेब जपून ठेवावा, आणि मग श्रमखात्याच्या दफ्तरात अर्ज रुजू करावा. अर्ज एकदा रुजू झाला की त्यात दुरुस्तीस वाव नाही; २००७ च्या नियमाने तीही सोय काढून घेतली. या सर्व खटाटोपात ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्या नोकरास कोणतेही स्थान नाही. अर्जदार मालक, वकील मालकाचा, खर्च मालकाचा (तो नोकराकडून वसूल करण्यास २००७ पासून मनाई आहे), आणि अर्ज मागे घेण्याचा हक्कही मालकाचाच. निशातगंजातील एका मातेने मला विचारले की मुलानेच त्या कचेरीत जाऊन चौकशी का करू नये. तिला उत्तर देताना जड गेले, कारण त्या कचेरीच्या लेखी तिचा मुलगा पक्षकारच नाही.

आता तुंबलेल्या अर्जांची गोष्ट. तिचा सर्वांत दुःखद अध्याय २००१ ते २००७ या वर्षांत घडला आणि तो आजही विसरला जाऊ नये. डिसेंबर २००० च्या एका कायद्याने, बेकायदा राहणाऱ्या काही लोकांस दंड भरून देशातच अर्ज करता येईल अशी सवलत दिली, तिची अखेरची तारीख ३० एप्रिल २००१ होती, आणि तीत बसण्यासाठी श्रमदाखल्याचे अर्ज पुरासारखे लोटले. त्या काळी अर्ज आधी राज्याच्या कचेरीत आणि मग संघराज्याच्या कचेरीत असे दोनदा तपासले जात. दोन्ही ठिकाणी गठ्ठे साचले. अखेर २००४ नंतर फिलाडेल्फिया आणि डल्लस येथे खास अनुशेष निवारण केंद्रे उघडून देशभरची ती बासने खोक्यांत भरून तेथे पाठविण्यात आली. प्रकरणांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक होती. खोकी उघडून नावे नोंदविण्यातच दीर्घ काळ गेला, आणि मग मालकांस पत्रे सुटली की हा अर्ज तुम्हांस अद्याप चालवावयाचा आहे काय, पंचेचाळीस दिवसांत कळवा. उत्तर न आल्यास प्रकरण बंद. मालकाचा पत्ता बदललेला, वकील बदललेला, कंपनी दुसरीने गिळलेली. ज्याने चार वर्षे वाट पाहिली त्याच्या हातात ते पत्र पडण्याची व्यवस्थाच नव्हती.

त्यातच २८ मार्च २००५ पासून 'पर्म' ही नवी संगणकीय पद्धत सुरू झाली आणि दाखला पंचेचाळीस ते साठ दिवसांत निघेल अशी ग्वाही देण्यात आली. म्हणजे काल आलेल्याचा दाखला काही महिन्यांत हाती पडे आणि २००२ साली अर्ज केलेला मनुष्य खोक्यातच राही. जुना अर्ज नव्या पद्धतीत नेता येत होता, पण हुद्द्याचे वर्णन अक्षरशः जुळले तरच जुनी तारीख कायम राहील अशी अट असल्याने त्या वाटेने जाण्यास बहुतेकांची छाती झाली नाही. ३० सप्टेंबर २००७ ला ती केंद्रे आपले काम आटोपून मोकळी झाली. तुंबारा मात्र पुनः झाला, आणि साठ दिवसांचे ते वचन आता कोणी उच्चारीत नाही. २०२५ साली साध्या, शंका न काढलेल्या अर्जासही सव्वा वर्षाहून अधिक काळ लागत होता, आणि त्याआधी वेतननिश्चितीतच कित्येक महिने जात होते.

याचे एक कारण आहे ते फार थोड्या लोकांस ठाऊक असते. या दाखल्यासाठी सरकार एक पैही शुल्क घेत नाही. तसा अधिकारच कायद्याने खात्यास दिलेला नाही. त्यामुळे अर्ज दुप्पट झाले तरी कारकून दुप्पट होत नाहीत, कारण त्यांचा पगार मुख्यतः अमेरिकी काँग्रेस जे अनुदान मंजूर करील त्यातून निघतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून अनुदानाअभावी अमेरिकेचा राज्यकारभार तहकूब झाला तेव्हा हे दफ्तर बंद पडले, आणि अर्जदारांच्या शुल्कावर चालणारे इमिग्रेशनचे खाते मात्र बहुतांशी चालू राहिले. फुकट मिळणारी गोष्ट येथे फार महाग पडते.

देशी उमेदवार डावलला जाईल हे श्रमखात्याचे भय खोटे आहे असे मी म्हणणार नाही. जागेची जाहिरात आपल्या संकेतस्थळावर न देता, अर्ज टपालानेच पाठवा असे सांगून, देशी उमेदवारास दूर ठेवण्याची युक्ती काही मोठ्या कंपन्यांनी केल्याचा आरोप अमेरिकेच्या न्यायखात्याने केला. फेसबुकने २०२१ साली सुमारे एक कोट बेचाळीस लाख डॉलरांपर्यंत आणि ॲपलने २०२३ साली अडीच कोट डॉलरांपर्यंत देण्याचे मान्य करून ते तंटे मिटविले. पण लबाडी मालकाची असो की दिरंगाई दफ्तराची, तिचा भार वाहतो तो नोकर, हे मला अन्यायाचे वाटते.

कारण या दाखल्याचे दुसरे कार्य पहिल्याहून मोठे होऊन बसले आहे. अर्ज ज्या दिवशी रुजू होतो ती नोकराची 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतील जागा ठरविणारी तारीख. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे वर्षास १,४०,००० कायम परवाने ठेवले, त्यांतच बायकामुले मोजली, आणि कोणत्याही एका देशास साधारणपणे सात टक्क्यांपलीकडे वाटा नाही अशी मर्यादा घातली. आइसलँडला जी मर्यादा तीच हिंदुस्थानास. २०२५ च्या अखेरीस या परवान्यांच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील हिंदी अर्जदारांपैकी २०१३ साली नाव नोंदलेल्यांची पाळी चालू होती. अशा रांगेत जाहिरातीस झालेला एक महिन्याचा उशीर पुढे किती वर्षांचा ठरेल याचा अंदाजही करवत नाही.

रांग एकदाच, अकस्मात, मोकळी झाली होती. जून २००७ मध्ये असे जाहीर झाले की जुलै महिन्यात जवळजवळ सर्व वर्गांची तारीख खुली राहील, म्हणजे पाळीची वाट न पाहता ग्रीन कार्डाचा अर्ज करता येईल. लोकांनी वैद्यकीय तपासण्या उरकल्या, माहेरी आलेल्या बायकांना घाईने परत बोलाविले, आणि २ जुलैला तोच जाहीरनामा मागे घेण्यात आला. तेव्हा या आपल्या मुलांनी दगड उचलला नाही. आदल्या वर्षीच्या 'लगे रहो मुन्नाभाई' या चित्रपटातील गांधीगिरीचे स्मरण ठेवून त्यांनी १० जुलैस इमिग्रेशन खात्याचे प्रमुख एमिलिओ गोन्सालेस यांच्याकडे शेकडो पुष्पगुच्छ धाडले. त्यांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत पाठविली, आणि १७ जुलैला हुकूम फिरवून १७ ऑगस्टपर्यंत हे अर्ज घेण्याचे मान्य केले. ज्यांचा श्रमदाखला तोवर निघाला होता त्यांस या खिडकीचा लाभ झाला. फिलाडेल्फियाच्या खोक्यात ज्यांचे प्रकरण होते ते बाहेरच राहिले. त्या महिन्याच्या अंतराने दोन सहाध्यायांच्या आयुष्यांत किती वर्षांचे अंतर पडले हे मी जवळून पाहिले आहे.

निशातगंजातील वडीलमंडळींनी मुलांस दोन गोष्टी अवश्य विचाराव्या. एक, एच-वन-बी परवान्याचे पाचवे वर्ष संपण्यापूर्वी मालक अर्ज रुजू करणार आहे काय. कारण अर्ज किंवा त्यापुढील याचिका दाखल होऊन वर्ष लोटले असेल तर सहा वर्षांनंतर मुदतवाढ मिळते, आणि वेतननिश्चिती व जाहिराती यांस लागणारा काळ पाहता मालकाने तिसऱ्या-चौथ्या वर्षीच कामास लागणे बरे. दुसरी, दाखल्यानंतरची याचिका, जिला आय-वन-फोर्टी म्हणतात, ती मंजूर झाली काय व तिची प्रत हाती आहे काय. दाखला एकशेऐंशी दिवसांत त्या याचिकेसाठी वापरला नाही तर तो रद्दबातल होतो. याचिका मंजूर झाल्यावर मात्र, लबाडी किंवा मोठी चूक निघाली नाही तर, तारीख नोकराची होते आणि नोकरी बदलली तरी ती त्याच्यासोबत जाते, जरी नव्या मालकास सारे सव्यापसव्य पहिल्यापासून करावे लागते. त्यापूर्वी कंपनी बुडाली किंवा मालकाचे मन फिरले, तर तारीखही गेली.

आणि नातवंडांचा प्रश्न या सर्वांहून कठीण आहे. मूल एकवीस वर्षांचे झाले की ते आईबापांच्या अर्जातून गळते. २००२ च्या कायद्याने थोडी दया दाखवून वयातून काही काळ वजा करण्याची मुभा दिली. पण वजा होतो तो फक्त आय-वन-फोर्टी प्रलंबित असल्याचा काळ. श्रमखात्याच्या दफ्तरात गेलेला काळ त्यात धरत नाहीत. लहानपणी लखनौहून नेलेली मुलगी, जिला येथील शाळा आठवतही नाही, तिने एकविसाव्या वर्षी जन्मभूमीच्या नावाने विद्यार्थ्याचा परवाना मागावा आणि परक्या विद्यार्थ्याची फी भरावी, अशी पाळी अनेक घरांवर आली आहे. तिच्यासाठी कोणते मार्ग उरतात, ते पुढील लेखांकात पाहू.