गुडघ्याच्या वाटीचें दुखणें व व्यायामाचा उपचार

पेरण्या उरकून निंदणी-खुरपणी सुरू झाली, कीं पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकूं येते. उकिडवें बसलें असतां गुडघ्याच्या पुढल्या बाजूस, वाटीच्या मागें किंवा भोंवतीं दुखतें. विहिरीच्या पायऱ्या उतरतांना अथवा पोतें घेऊन माळ्यावर चढतांना कळ येते. गुडघा सुजलेला नसतो, कोठें पडल्याची आठवण नसते, क्ष-किरणांच्या चित्रांतहि बहुधा कांहीं निघत नाहीं. मग घरांतील वडील मंडळी म्हणतात, 'तरण्याताठ्याला कसले आले गुडघे!' आणि दुखणेकरी एक तर दांतओठ खाऊन काम ओढतो, नाहीं तर अंथरूण धरतो. आमच्या मतें या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत.

हा विकार केवळ म्हातारपणाचा नव्हे. किशोरवयापासून चाळिशीपर्यंतच्या माणसांत तो विशेष आढळतो, व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक. तो आपोआप जातो ही समजूतहि खरी नव्हे. अशा रोग्यांची ५ ते ८ वर्षांनीं पुन्हां चौकशी केली असतां निम्म्याहून अधिकांची तक्रार कायमच होती.

वाटी हें एक सुटें हाड असून तें मांडीच्या पुढल्या मोठ्या स्नायूच्या कंडरेंत बसलेलें असतें. मोटेचा नाडा चाकाच्या खोबणींतून कसा सरके, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या सांध्याची रचना सहज समजेल. गुडघा वांकतांना वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणींतून सरकते. आणि भार घेऊन गुडघा जितका अधिक वांकेल, तितकी ती हाडावर अधिक दाबली जाते. खोल बसण्या-उठण्यांत हा दाब शरीराच्या वजनाच्या कित्येक पट होतो. चार महिने विशेष काम नसलेला गुडघा एकदम आठ-आठ तास उकिडवा बसविला म्हणजे तो कुरकुरणारच. त्यांत मांडीचे व खुब्याचे स्नायू दुबळे असले म्हणजे पाहावयासच नको.

म्हणून उपाय स्नायू बळकट करण्याचा आहे. २०१५ सालीं कॉक्रेन या संस्थेनें या विषयावरील ३१ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत १,६९० रोगी होते. व्यायामानें वेदना कमी होतात व कामाची शक्ति वाढते, असाच बहुतेकांचा कल दिसला. केवळ गुडघ्याच्या व्यायामापेक्षां त्यास खुब्याच्या व्यायामाची जोड दिल्यास गुण अधिक येतो, असेंहि दिसलें. पुरावा अजून कच्चा आहे, हें त्याच आढाव्यांत स्पष्ट म्हटलें आहे. तरीहि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमतांत खुबा व गुडघा दोहोंच्या व्यायामालाच पसंती मिळाली, आणि ध्वनिलहरींच्या वगैरे यंत्रांनीं दिलेल्या शेकाची शिफारस नाकारण्यांत आली. शेकाच्या फेऱ्यांवर पैसे मोजण्यापूर्वीं वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें.

व्यायामास घोंगडी, भिंत व ओटा एवढें साहित्य पुरतें. दुखणें ताजें असेल तर आरंभ खुब्यापासून करावा, कारण त्यांत वाटीवर दाब फारसा येत नाहीं. एका कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलावा व तितक्याच सावकाश खालीं आणावा. नंतर उताणें निजून, गुडघे दुमडून व टाचा रोवून कंबर वर उचलावी. हे दोन्ही सोपे वाटूं लागले म्हणजे भिंतीला पाठ टेकून थोडेंसेंच खालीं सरकावें व कांहीं क्षण थांबून वर यावें. पुढें एका वितीहून कमी उंचीच्या पायरीवर चढउतार करावी. उतरतांना गुडघा आंतल्या बाजूस झुकूं देऊं नये. प्रत्येक प्रकार दहा वेळां, मध्यें विसांवा घेऊन असे तीन फेरे, एक दिवसाआड करावे. तालमींतल्या पुऱ्या बैठका उत्तम खऱ्या, पण या दुखण्यांत त्यांचा नंबर शेवटीं.

व्यायाम करतांना थोडें दुखलें तर भिऊं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुडघा पूर्ववत् असेल तर माप बरोबर आहे. कळ वाढलेली असेल तर फेरे कमी करावे, बंद करूं नयेत. गुण दिसावयास सहा आठवडे तरी लागतात, कधीं बाराहि. आठ दिवसांत सोडून देणारेच फार, आणि उपचाराला नांवें ठेवणारेहि बहुधा तेच.

कामाची मांडणी मात्र मालकाच्या हातीं आहे. ओळींतील पिकांत उभ्यानें चालविण्याचें हातकोळपें वापरावें. जेथें खुरप्यावांचून गत्यंतर नाहीं तेथें दर अर्ध्या तासानें उठून चालावें, अथवा बसण्यास लहान पाट घ्यावा. दुखणेकऱ्यास दिवसाचा कांहीं वेळ उभ्याचें काम द्यावें. मजुरी करणाऱ्या बायकांनाहि हीच सवड मिळावी. गुडघा मालकाचा कीं मजुराचा, हें वाटीला कळत नाहीं.

गुडघा सुजला, गरम झाला, अडकूं लागला, पडल्यावर त्यावर भार घेववेनासा झाला किंवा सोबत ताप असला, तर डॉक्टरांकडे जावें. मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर विलंब करूं नये. मूळ विकार कधीं कधीं खुब्यांत असतो. पन्नाशीनंतरचें दुखणें सांध्याच्या झिजेचें असूं शकतें; व्यायाम त्यालाहि सांगतात, पण तपासणी आधीं करून घ्यावी.

ज्यांस गेल्या हंगामांत त्रास झाला त्यांनीं वैशाखांतच आरंभ करावा, म्हणजे आषाढांतील निंदणीपर्यंत आठ-दहा आठवडे पदरांत पडतात. निंदणी सुरू झाल्यावरहि आठवड्यांतून दोन दिवस व्यायाम चालूं ठेवावा.