यंत्राला व्हिस्की कशी कळते?

मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या आसपास मोहाच्या दारूची पारख तोंडीच चालते. ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की जाणकाराला पुढचं कळतं. ही पारख कुणी वहीत उतरवलेली नाही. व्हिस्कीवाल्यांनी मात्र पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवल्या, आणि आता संगणक त्या नोंदींवरच चालतो.

नाकाचं काम

व्हिस्कीच्या बाटलीत बहुधा अनेक पिंपांतला माल असतो. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरलेला माल व्हॅनिलाकडे झुकतो, शेरी वाइनच्या पिंपातला सुक्या मेव्याकडे. कुठलं किती मिसळायचं ते मास्टर ब्लेंडर ठरवतो, तेही मुख्यतः वासावर. दिवसभर घोट घेत बसला तर दुपारनंतर हिशेब कोण ठेवणार?

स्वीडनचा प्रयोग

2019 मध्ये स्वीडनच्या मॅकमिरा डिस्टिलरीने मायक्रोसॉफ्ट आणि फिनलंडच्या फोरकाइंड कंपनीसोबत ‘इंटेलिजेन्स’ ही व्हिस्की काढली. जुन्या कृती, विक्रीचे आकडे आणि ग्राहकांची पसंती संगणकाला दिली. त्याने 7 कोटींहून जास्त कृती सुचवल्या. आकडा ऐकून दबून जायचं कारण नाही. पिंपांचे प्रकार आणि प्रमाण उलटसुलट जुळवत गेलं की कोटी सहज होतात. खरी मेख निवडीत होती, आणि ती केली मास्टर ब्लेंडर अँजेला डोराझिओ यांनी. पसंतीला उतरली 36 क्रमांकाची कृती. पुढे 2024 मध्ये मॅकमिराचं दिवाळं निघालं, पण तो दोष कृतीच्या माथी मारता येत नाही.

अकरा जणांची सरासरी

जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा 2024 चा अभ्यास जास्त बोलका आहे. त्यांनी 9 स्कॉच आणि 7 अमेरिकन व्हिस्की घेतल्या, त्यांतली रसायनं तपासली आणि 11 तज्ज्ञांना वास देऊन वर्णन विचारलं. मेन्थॉल आणि सिट्रोनेलॉल अमेरिकन मालाकडे बोट दाखवतात. मिथाइल डेकॅनोएट आणि हेप्टॅनॉइक आम्ल स्कॉचकडे.

ठळक वास ओळखताना संगणकाचं उत्तर सगळ्या पथकाच्या एकत्रित मताशी एकट्या तज्ज्ञापेक्षा जास्त जुळलं. यात जादू नाही. एकाला सफरचंदाचा वास येतो, दुसऱ्याला नासपतीचा. यंत्र शिकतं ते अकरा जणांच्या मतांची गोळाबेरीज. शिवाय सोळा बाटल्या म्हणजे फारच थोडा माल.

इथे काय लागेल

स्वीडनची कृती गोव्यात मुरणाऱ्या व्हिस्कीला जशीच्या तशी चालणार नाही. तिथल्या उकाड्यात पिंपातला माल वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास उडून जातो, स्कॉटलंडमध्ये सुमारे दोन टक्के. मुरण्याचा वेगच वेगळा, म्हणून नोंदीही इथल्याच हव्यात.

मोहाची अडचण आणखी मोठी. हातभट्टी बेकायदा, तेव्हा तिचा हिशेब लिहून स्वतःविरुद्ध पुरावा कोण तयार करील? डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीसारखा परवानाधारक कारखाना, जो मोहाची ‘सिक्स ब्रदर्स’ विकतो, मात्र हे नोंदींचं काम करू शकतो: फुलं कुठल्या गावची, किती वाळवलेली, किती दिवस आंबवलेली, आणि ब्रँड न सांगता चाखणाऱ्यांनी ‘उग्र’, ‘गोडसर’, ‘धुरकट’ यांना दहापैकी दिलेले गुण. चाखणाऱ्यांत मुरबाड-शहापूरचे जुने जाणकार हवेतच.