लढाईच्या तालमीतून खेळाकडे

नेमबाजी म्हटले की मराठी वाचकाला अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही नावे आठवतात. त्यांच्याबरोबर एक चित्रही आठवते : श्वास रोखून, पुतळ्यासारखा स्थिर झालेला खेळाडू आणि समोर दूरवर एक लहानसे वर्तुळ. या लेखात ज्या खेळाविषयी लिहायचे आहे त्यात पुतळ्यासारखे उभे राहणाऱ्याचा नंबर शेवटून पहिला येतो. इथे खेळाडू कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढतो, धावतो, लाकडी भिंतींच्या आडून वाकून पाहतो, धावताधावताच मॅगझिन बदलतो आणि पंधरा-वीस सेकंदांत वीस-तीस गोळ्या झाडून मोकळा होतो.

इंग्रजीत याला ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात. मराठीत ‘प्रात्यक्षिक नेमबाजी’ म्हणावे तर शाळेतला विज्ञानाचा तास आठवतो, ‘व्यावहारिक’ म्हणावे तर वाण्याचे दुकान. म्हणून मी ‘प्रॅक्टिकल’च ठेवतो. गेली काही वर्षे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, मी या स्पर्धांत भाग घेतो आणि त्याहून जास्त वेळ पंच म्हणून उभा राहतो. इथल्या मराठी मंडळींना हे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “अहो, पण कशासाठी?” प्रश्न वाजवी आहे. ज्या देशात पिस्तुलाच्या गोळीने रोज माणसे मरतात, तिथे पिस्तूल घेऊन धावण्याला खेळ म्हणायचे का? मी या खेळाचे नियमपुस्तक आणि इतिहास वाचायला लागलो तो या प्रश्नामुळेच.

इतिहास सुरू होतो तो १९५०च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर या डोंगराळ गावी. जेफ कूपर हे मरीन दलातले माजी अधिकारी. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी तिथे ‘लेदरस्लॅप’ नावाची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. इशारा झाला की चामड्याच्या म्यानातून पिस्तूल उपसायचे आणि समोरचे फुगे आधी फोडायचे, असा तो प्रकार. काऊबॉयपटांचा काळ होता. बहुतेक जण सिनेमातल्यासारखे एका हाताने, कमरेजवळूनच गोळ्या झाडत. त्यांत जॅक वीव्हर नावाचा लॉस एंजेलिस परगण्याचा एक पोलीस होता. तो दोन्ही हातांनी पिस्तूल धरून डोळ्यांपर्यंत आणायचा आणि मग चाप ओढायचा. त्यात क्षणभर उशीर व्हायचा, पण बाकीच्यांच्या गोळ्या फुग्यांच्या आजूबाजूने जाऊन संपेपर्यंत वीव्हरचे फुगे फुटलेले असत. कूपर यांनी हे हेरले आणि त्यावर भरभरून लिहिले. पिस्तूल हे एका हाताचे शस्त्र आहे ही जुनी समजूत मोडण्यात या गावजत्रेसारख्या स्पर्धेचा वाटा मोठा आहे.

१९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी वेगवेगळ्या देशांतली मंडळी जमली आणि ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ ही संस्था स्थापन झाली. कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये, तीनच शब्दांचे : दिलिजेंशिया, व्हिस, सेलेरितास. म्हणजे अचूकता, शक्ती आणि वेग. ब्रीदवाक्ये सहसा भिंतीवर टांगण्यापुरती असतात. इथे मात्र या तीन शब्दांचे थेट गणित केले आहे, आणि मला या खेळात सर्वांत आधी मोहात पाडले ते त्या गणिताने.

लक्ष्य पुठ्ठ्याचे असते. त्यावर मधला पट्टा ‘ए’, त्याभोवती ‘सी’, कडेला ‘डी’. ‘ए’ला ५ गुण. प्रत्येक पुठ्ठ्यावर सहसा दोन गोळ्या लागाव्या लागतात. एखादी हुकली तर तिचे गुण जातातच, वर १० वजा होतात. सगळे गुण मिळवायचे आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचे. येणाऱ्या आकड्याला ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. समजा १२ गोळ्यांचा डाव आहे, म्हणजे जास्तीत जास्त ६० गुण. एकाने सगळ्या गोळ्या मधोमध मारून १० सेकंद घेतले : भागाकार ६. दुसऱ्याने घाई करून ५४च गुण मिळवले, पण ८ सेकंदांत : भागाकार ६.७५. दुसरा जिंकला. तिसरा तितकाच, ८ सेकंदांत धावला, त्याच्या ११ गोळ्या मधोमध बसल्या, पण एक पूर्ण हुकली. त्याचे ५५मधून १० गेले, राहिले ४५, भागाकार ५.६३ : तिसरा सर्वांत मागे. ६च्या पट्टीवर एक सेकंद म्हणजे ६ गुण; हुकलेली गोळी १५ गुणांना, म्हणजे अडीच सेकंदांना पडते. चांगला खेळाडू हा हिशेब बोटांत बाळगतो. कुठे दामटायचे आणि कुठे श्वास घ्यायचा, हे त्याला प्रत्येक पुठ्ठ्यासमोर नव्याने ठरवावे लागते.

शक्तीचे गणित वेगळे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यायचे, तिचा वेग फूट-प्रतिसेकंदात मोजायचा, गुणाकाराला हजाराने भागायचे. हा आकडा किमान १२५ हवा. आणखी जड काडतूस वापरणाऱ्याला कडेच्या गोळ्यांचे गुण थोडे जास्त मिळतात : ‘सी’ला ३ऐवजी ४, ‘डी’ला १ऐवजी २. कारण त्याच्या पिस्तुलाचा धक्काही जास्त असतो. मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाची काडतुसे काढून घेऊन यंत्रावर वेग मोजला जातो. कोणाच्या शब्दावर भिस्त नाही. भारतात हा खेळ का रुजला नाही याचे एक कारण याच हिशेबात सापडते. आपल्याकडे ९ मिलिमीटरचे पिस्तूल सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही. ते ‘निषिद्ध बोअर’मध्ये मोडते. मिळते ते .३२ बोअरचे, उदाहरणार्थ ईशापूरच्या कारखान्यातले ‘अशनी’. त्याची गोळी साधारण ७१ ग्रेनची, वेग ९०० फुटांच्या आसपास. गुणाकार करून पाहा : ६४ भरतात. निम्म्या वाटेवरच गाडी थांबते.

आता डाव मांडण्याविषयी. प्रत्येक डावाला ‘स्टेज’ म्हणतात. हे नाटकाचे नाव योगायोगाने बरे पडले आहे. आदल्या संध्याकाळी आम्ही सात-आठ जण जमतो. तीन बाजूंनी मातीचे उंच बांध असलेल्या चौकांत लाकडी चौकटी आणि जाळीच्या भिंती उभ्या करतो, पट्ट्या ठोकून त्यांवर पुठ्ठे बसवतो, लोखंडी पाडण्याची लक्ष्ये उभी करतो. डाव रचणाऱ्याने खेळाडूला काय करायचे ते सांगायचे नसते. प्रश्न मांडायचा, उत्तर ज्याने त्याने शोधायचे. या तत्त्वाला ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात. सकाळी प्रत्येक गटाला डाव पाहायला पाचेक मिनिटे मिळतात. पन्नाशी-साठीची माणसे रिकाम्या हातांची बोटे रोखून, पावले मोजत, भिंतीआड वाकत, तोंडाने पुटपुटत फिरतात. परका माणूस पाहील तर वेड्यांचा बाजार म्हणेल. ही खरी तालीम आहे.

लोखंडी लक्ष्यांवरून होणारी भांडणे हा स्वतंत्र लेखाचा विषय. गोळी लागली पण लक्ष्य पडले नाही, असे म्हणत खेळाडू दाद मागतो. मग अधिकारी ठरावीक कमी शक्तीच्या काडतुसाने त्यावर स्वतः गोळी झाडतो. पडले तर खेळाडूची गोळी हुकली असे धरतात. नाही पडले तर लक्ष्यच चुकीचे बसवले होते, म्हणून त्याला डाव पुन्हा खेळायला मिळतो. न्यायदानाची इतकी झटपट आणि निरुत्तर करणारी पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पंच होण्यासाठी दोन दिवसांचा वर्ग आणि परीक्षा असते. त्यात पहिली शिकवण अशी, की पंचाने लक्ष्याकडे पाहायचे नाही. गोळी कुठे लागली ते नंतर भोके सांगतील. पंचाचे डोळे पिस्तुलावर, नळीच्या दिशेवर आणि चापाजवळच्या बोटावर. हातात गोळीचा आवाज टिपणारे घड्याळ, आणि तोंडात ठरलेली मोजकीच वाक्ये. ती जगभर इंग्रजीतच म्हटली जातात : पिस्तूल भरण्याची आज्ञा, ‘आर यू रेडी?’, मग ‘स्टँडबाय’. त्यानंतर एक ते चार सेकंदांत घड्याळाची शीळ. हे अंतर मुद्दाम अनिश्चित ठेवलेले असते, म्हणजे कोणी अंदाजाने हात हलवू नये. शेवटी पिस्तूल रिकामे करून दाखवायचे आणि म्यानात घालायचे. ‘रेंज इज क्लिअर’ म्हटल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकायचे नाही.

इतर वेळी सगळ्यांची पिस्तुले दिवसभर रिकामी. पिस्तूल बाहेर काढून पाहायची हुक्की आली तर त्यासाठी एक वेगळी जागा असते. तिथे काडतूस हातात घेतलेले चालत नाही, सरावाचे खोटेही नाही. मला सर्वांत शहाणा वाटणारा नियम पडलेल्या पिस्तुलाचा आहे. डाव सुरू नसताना रिकामे पिस्तूल म्यानातून निसटून जमिनीवर पडले, तर त्यात गुन्हा नाही. पण मालकाने ते स्वतः उचलले की तो स्पर्धेतून बाद. पंचाला बोलवायचे, तो उचलेल, तपासेल, परत देईल. माणूस ओशाळला की घाईने वाकतो, आणि अपघात त्या घाईत होतो. नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

डाव चालू असताना नळी बाजूच्या काल्पनिक रेषेच्या मागे वळली, हालचाल करताना बोट चापाच्या कडीत दिसले, पिस्तूल हातातून सुटले, अनवधानाने गोळी सुटली, की दिवस संपला. ताकीद नाही, गुण कापणे नाही. वय, अनुभव, मागची बक्षिसे यांतले काही पाहिले जात नाही. गेल्या वर्षी मी एका जुन्या खेळाडूला असे थांबवले. डावीकडे धावत मॅगझिन बदलताना त्याची नळी रेषेपलीकडे गेली. मी ‘स्टॉप’ म्हणालो. तो जागीच थांबला, पिस्तूल रिकामे केले, माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. पुढचे चार तास तो आमच्याबरोबर पुठ्ठ्यांवरच्या भोकांना खाकी चिकटपट्ट्या लावत होता. या खेळात पगारी माणूस जवळजवळ नसतो. जो खेळतो तोच पट्ट्या लावतो, तोच भिंती उचलतो. बाद झालेला माणूस घरी निघून गेला तर चार हात कमी होतात, हेही एक कारण. पण तेवढेच नसावे.

कूपर यांना पुढे हा खेळ आवडेनासा झाला. १९८०च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस यांच्यासारख्या खेळाडूंनी वीव्हरचीच पद्धत बाजूला सारली आणि दोन्ही हात सरळ, समान ताणून उभे राहायला सुरुवात केली. धक्का कमी करणारी नळीची टोपणे आली, काचेतल्या लाल ठिपक्याची दुर्बीण पिस्तुलावर बसली. असले अवजार कंबरेला लावून कोण बाजारात जाईल? हे लढाईचे शिक्षण राहिले नाही, नुसता खेळ झाला, अशी कूपर यांची तक्रार होती आणि त्यांनी ती लपवली नाही. तक्रार खरी आहे. निष्कर्ष मात्र मला उलटा काढावासा वाटतो. नुसता खेळ होणे हीच या संघटनेची कमाई आहे. शत्रूची जागा भागाकाराने घेतली. स्पर्धेत तुम्ही कोणावर मात करत असाल तर ती चार दशांश स्थळांपर्यंतच्या एका आकड्यावर.

तरीही माझ्या त्या मराठी मित्राचा प्रश्न यामुळे पुरता मिटतो असे मी म्हणणार नाही. स्पर्धा संपल्यावर पार्किंगमध्ये काही जण तेच हात, तोच सराव घेऊन दुसरे, भरलेले पिस्तूल कमरेला लावतात. त्यांच्या राज्याचा कायदा त्यांना ते करू देतो. नियमपुस्तकाची हद्द मैदानाच्या फाटकाशी संपते, आणि फाटकाबाहेरच्या अमेरिकेविषयी त्यात एक अक्षर नाही.

जुना पुठ्ठा माणसाच्या धडासारखा होता, वर चौकोनी डोके. अशी आकृती अनेक देशांत अडचणीची ठरू लागली, तेव्हा आंतरराष्ट्रीय संस्थेने बिनडोक्याचा, कोपरे छाटलेला पुठ्ठा आणला. दूरून पाहिले तर कासवाची पाठ वाटावी असा. अमेरिकेत मात्र डोके अजून आहे. आमच्या क्लबात यावर दर हिवाळ्यात वाद होतो. एक बाजू म्हणते, डोके असले की डाव रचायला सोपे जाते, भिंतीवरून नेमके तेवढेच दाखवता येते. दुसरी बाजू, आणि तीत मी आहे, म्हणते की तेवढ्यासाठी दुसरी युक्ती काढावी. मतदान झाले की आम्ही हरतो. गोदामात डोक्याच्या पुठ्ठ्यांचे दोन गठ्ठे शिल्लक आहेत. ओल लागली नाही तर मार्चपर्यंत पुरतील.