चिलटांच्या बाजारात निवड कोणाची?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गिऱ्हाईक पपई दाबून पाहते, तिचा वास घेते आणि मन न भरल्यास पुढल्या गाळ्याकडे वळते. या व्यवहारात फळाला काही म्हणणे नसते. निसर्गातही नर धडपडतो आणि मादी मालासारखी वाट पाहत बसते, अशी समजूत दीर्घकाळ विज्ञानात नांदली. गंमत अशी की, या समजुतीला ज्या जिवाने आधार दिला आणि पुढे तो काढूनही घेतला, तो जीव याच मंडईत, पिकून फुटलेल्या केळ्यांवर घोंघावत असतो. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात. गाळेवाल्यांच्या लेखी ती नुसती चिलटे.

डार्विनने १८७१ मध्येच मादीच्या निवडीला उत्क्रांतीत मानाचे स्थान दिले होते. परंतु त्याच्या अनेक समकालीनांना ते पटले नाही. १९४८ मध्ये अँगस बेटमन या इंग्रज शास्त्रज्ञाने बाटल्यांत चिलटे ठेवून संततीची मोजदाद केली. जितक्या माद्या अधिक, तितकी नराची संतती अधिक. मादीला मात्र एकाहून अधिक नरांचा विशेष लाभ नाही, असा त्याचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत रुजला. निसर्गनियमाच्या नावाने स्त्रीला सोशिकपणाचे धडे देणाऱ्यांना तो आयताच सापडला.

शुक्रबीज स्वस्त आणि अंडे महाग, एवढे खरेच आहे. पण महागडे भांडवल जिच्या हाती, तीच व्यवहारात मुकी राहील, असे अनुमान काढणाऱ्यांनी बाजार कधी पाहिला होता की नाही, अशी शंका येते. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा जमाखर्चातच चूक निघाली. मातापिता ओळखता यावेत म्हणून बेटमनने ठळक शारीरिक दोष असलेली चिलटे घेतली होती. आई व बाप या दोघांचेही दोष ज्यांच्या वाट्याला आले, ती संतती पुष्कळदा मोजणीपूर्वीच मरे. मेलेल्यांची नोंद खतावणीत झालीच नाही! चिलटांवरून माणसाने नीती ठरवावी असे नव्हे. पण ठरवणाऱ्यांनी निदान मोजणी तरी पुरी करावी.

प्रत्यक्षात नर एक पंख पसरून थरथरवतो, तेव्हा मादी त्याचे हे 'गाणे' ऐकते आणि नापसंत असल्यास लाथ झाडून उडून जाते. मीलनानंतरही तिचा अधिकार संपत नाही. शुक्रबीज ती शरीरातील कोठारांत साठवते, कित्येक दिवस पुरवून वापरते, काही बाहेरही टाकते. नरही स्वस्थ नसतो. त्याच्या वीर्यातील द्रव्ये तिची पुन्हा मीलनाची इच्छा मंदावतात, अंडी घालण्याचा वेग वाढवतात. ती तिचे आयुष्यही घटवतात, हे १९९५ मध्ये दिसून आले. या कुरघोडीत जिची शरीररचना सरस ठरली, तिचा वंश वाढला. यात कोणाचा हेतू शोधण्याचे कारण नाही.

हे चिलटापुरतेच नाही. मोकळ्या राहणाऱ्या कोंबड्या दुबळ्या दर्जाच्या कोंबड्याचे वीर्य बाहेर टाकतात, असे २००० मध्ये आढळले. ज्या बदकांत नर बळजबरी करतात, तेथे मादीच्या जननमार्गाला आडवाटा व उलटे पीळ असतात, हे २००७ मध्ये उघड झाले.

आणि अंडी कोठे घालावयाची, हा निर्णयही मादीचाच. घडातील कोणते केळे पुरेसे आंबले आहे, हे चिलटाची मादी पायांनी आणि सोंडेने चाखून पाहते. न पटल्यास अंडी पोटातच ठेवून पुढल्या गाळ्याकडे उडते.