सुटण्याआधी पोचणारी बस

फिनलंडमधल्या तोर्निओहून सकाळी १० ला बसने निघून पूल ओलांडावा, तर पलीकडे स्वीडनच्या हापारांडात नुकते कुठे नऊ वाजून गेलेले असतात. गावं एकमेकांना खेटून, वेळेत मात्र एका तासाचा फरक. कागदावर बस सुटण्याआधीच पोचलेली! प्रवाशाला त्याचं काही नाही. थांब्यावरच्या घड्याळाशी आकडा जुळला की त्याचं भागतं. पंचाईत होते संगणकाची. पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा केली, तर प्रवास उणे पाऊण तासाचा निघतो.

उणे उत्तर निदान खटकतं तरी. लंडन-पॅरिस युरोस्टारला साधारण सव्वादोन तास लागतात. छापील वेळांची नुसती वजाबाकी केली, तर जाताना सव्वातीन तास आणि परतताना सव्वा. दोन्ही आकडे पटण्यासारखे, म्हणून ही चूक जास्त घातक.

आज बहुतेक प्रवासी ॲप ज्या नमुन्यातली वेळापत्रकं वाचतात, तो जीटीएफएस. गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था यांनी तो २००५ च्या सुमारास घडवला. त्याचा दंडक असा, की गाडी कितीही सीमा ओलांडो, प्रत्येक थांब्याची वेळ चालवणाऱ्या संस्थेच्याच घड्याळाने नोंदवायची. स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवताना काढायची. त्यामुळे आतली वेळ कधी मागे जात नाही. मध्यरात्र उलटली तरी १:१० न लिहिता २५:१० लिहितात.

रशियन रेल्वेने हाच न्याय माणसांना लावला होता. व्लादिवोस्तोक मॉस्कोच्या सात तास पुढे, तरी १ ऑगस्ट २०१८ पर्यंत तिथल्या तिकिटावरही मॉस्कोचीच वेळ. आपल्याला हे नवं नाही म्हणा: इंग्रजांच्या काळात रेल्वे मद्रास वेळेने धावायची आणि मुंबई शहराचं घड्याळ तिच्या अर्धा तास मागे असायचं.

एक गाठ तरीही उरते. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं तासभर पुढे-मागे होतात. त्या दिवशी मध्यरात्रीपासून आठ तास मोजले, तर घड्याळात सात तरी वाजलेले असतात नाही तर नऊ. म्हणून जीटीएफएसमध्ये दिवसाची मोजणी मध्यरात्रीपासून नव्हे, तर दुपारच्या बाराआधी बरोबर बारा तासांपासून होते. एरवी या दोन्ही वेळा एकच. वेगळ्या पडतात त्या वर्षातल्या या दोन रविवारी.