तांदूळ, तलवार आणि गाव

काही चित्रपट समजण्यासाठी त्यांची भाषा यावी लागत नाही. भूक ठाऊक असली म्हणजे पुरते. अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा, १९५४ साली प्रदर्शित झालेला ‘सात सामुराई’ हा त्यांपैकी एक होय. जवळजवळ साडेतीन तासांचा हा कृष्णधवल बोलपट साहसपट म्हणून जगभर गाजला. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात रौप्य सिंह मिळविणाऱ्यांत तो होता. १९६० साली अमेरिकनांनी त्याच कथेवर ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ काढला, आणि १९७५ च्या आपल्या ‘शोले’तही त्याची छाया अनेकांनी ओळखली. परंतु शिरूर कासारसारख्या कोरडवाहू मुलखातील प्रेक्षकाने तो पाहावा, तो केवळ तलवारींच्या खणखणाटासाठी नव्हे. गाव राखण्याची किंमत काय आणि ती कोणी चुकवायची, या आपल्याही प्रश्नाचा हिशेब त्यात मांडला आहे.

कथा साधी आहे. डोंगरावरून दरोडेखोर एका खेड्याकडे पाहतात आणि ठरवितात की गेल्या सुगीत येथला तांदूळ नेला, आता सातू पिकला की पुन्हा यावे. एक शेतकरी हे ऐकतो. गाव रडते, भांडते आणि अखेर पाणचक्कीवरच्या म्हाताऱ्याला विचारते. म्हातारा सांगतो, सामुराई भाड्याने आणा. मात्र उपाशी सामुराई शोधा. गावाजवळ द्यायला पैसा नाही, आहे तो तीन वेळचा भात. तो भात पाहुण्यांना मिळावा म्हणून गावकरी स्वतः भगरीच्या जातीचे भरड धान्य खातात. हे कळते तेव्हा कांबेई हा वयस्क, अनुभवी सामुराई समोरचे भाताचे भांडे हाती घेतो आणि हे अन्न आपण वाया जाऊ देणार नाही, एवढेच म्हणतो. साऱ्या चित्रपटातील खरा करार तो. त्यावर सही-शिक्का नाही.

ही गोष्ट घडते ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, साधारण १५८६ च्या सुमारास. त्या वेळी आपल्याकडे अहमदनगरची निजामशाही नांदत होती आणि पैठणला एकनाथ महाराज हयात होते. मुलूख दूरचा असला तरी धान्य देऊन राखण करवून घेण्याचा व्यवहार आपल्याला परका नाही. बलुतेदारीत गावची राखण महार, रामोशी यांसारख्या जातींकडे असे आणि तिचा मोबदला खळ्यावर मापला जाई. राखणदाराचे घर मात्र बहुधा गावकुसाबाहेर. दुसरीकडे मराठ्यांच्या सत्तेने चौथाई वसूल केली, तीही संरक्षणाच्याच नावाने. म्हणजे राखणारा कधी खालचा ठरला, कधी वरचा. कुणब्याच्या राशीला हात दोघांचाही लागला. जपानी शेतकरी सामुराईंना आणतो आणि त्यांनाच भितो, आपल्या तरुण मुलीचे केस कापून तिला मुलगा भासवितो, हे पाहून आपल्याकडच्या प्रेक्षकाला नवल वाटू नये.

कुरोसावाने या भयाला वाचा दिली आहे ती किकुचियो या सातव्या इसमाच्या तोंडून. तोशिरो मिफुने या नटाने ही भूमिका केली आहे. हा सामुराई म्हणवितो, पण आहे शेतकऱ्याचा पोर. गावात लपविलेली चिलखते सापडतात. पळत्या, जखमी सामुराईंना मारून ती मिळविलेली असतात. साथीदार खवळतात तेव्हा तो उसळून सांगतो की शेतकरी लबाड आहे, कंजूष आहे, खुनीही आहे. पण त्याला तसे केले कोणी? तुम्हीच. गावे जाळणारे, धान्य ओढून नेणारे तुमच्यासारखेच तलवारवाले होते. सहाही जण मान खाली घालतात. शेतकऱ्याला देव न करता त्याची बाजू इतक्या परखडपणे मांडणारे प्रसंग चित्रपटसृष्टीत फार थोडे असतील.

येथेच हा बोलपट आपल्या नेहमीच्या साहसपटांहून वेगळा होतो. ‘शोले’त ठाकूर सूड घेण्यासाठी दोन चोरांना पैसे देऊन आणतो आणि गाव बव्हंशी पाहत राहते. कुरोसावाचे गाव स्वतः कुंपण घालते, शेतात पाणी सोडते, बांबूचे भाले घेऊन रांगेत उभे राहते. ओढ्यापलीकडची तीन घरे वाचविता येणार नाहीत असे ठरते, तेव्हा त्या घरांचे लोक भाले टाकून निघतात. कांबेई तलवार उपसून त्यांना परत फिरवितो. ज्याने सल्ला दिला तो म्हातारा आपली चक्की सोडत नाही आणि तेथेच मरतो. कांबेई कागदावर वर्तुळे काढून मेलेल्या दरोडेखोरांवर एकेक फुली मारीत जातो. धास्तीचे रूपांतर मोजणीत होते, आणि मोजणी सुरू झाली की भित्रे माणूसही उभे राहते. या चित्रपटाची रंगत आहे ती या मांडणीत. म्हणूनच शेवटची पावसातली, चिखलातली लढाई पाहताना प्रत्येक माणूस कोठे उभा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

सातांपैकी चार जण मरतात, आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने. तलवारीचे युग संपत आल्याची ही खूण. इतिहासाने पुढे आणखी एक क्रूर थट्टा केली. १५८८ साली हिदेयोशी या सत्ताधीशाने शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला. ज्यांनी एकदा आपले गाव राखले असेल, त्यांच्या हाती पुन्हा केवळ नांगर उरला.

शिरूर कासारच्या शिवारावर आज घोडेस्वार येत नाहीत. सुगी हातची जाते ती अवर्षणाने, कर्जाने, पडलेल्या भावाने. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि पोरे. पोटासाठी केलेला करार माणसाला किती वाकवितो, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. ‘उपाशी सामुराई शोधा’ या वाक्यातील शहाणपण आणि त्यातील क्रौर्य, दोन्ही येथल्या प्रेक्षकाला एकदमच कळतील. फरक इतकाच की त्या जपानी खेड्यात भूक दोन्ही बाजूंना होती आणि करार करणारे दोघे एकाच कुंपणाच्या आत उभे राहिले. उचलीच्या व्यवहारात उपाशी असतो तो एकच पक्ष.

अखेरीस गाव भाताची लावणी करू लागते. ढोल वाजतो, गाणे चालते, बाया चिखलात रोपे रोवतात. उरलेले तिघे सामुराई मित्रांच्या थडग्यांकडे पाहत उभे असतात, आणि कांबेई म्हणतो की आपण पुन्हा हरलो. जिंकले ते शेतकरी. पुष्कळांना हा शेवट उदास वाटतो. पण तारणहार गावात कायम राहत नाही, आणि त्याने राहूही नये, असेच त्यातून निघते. तो आला तर युक्ती शिकवितो, रांग धरायला लावतो. उभे राहायचे ते गावानेच. दर निवडणुकीला नवा तारणहार शोधणाऱ्या आपल्या समाजाने हा धडा एका जुन्या साहसपटाकडून घ्यावा, यात कमीपणा नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून गुरुजनांनी तो एकदा मुलांना दाखवावा आणि नंतर एवढेच विचारावे: या गोष्टीत आपले गाव कोणते, आणि कुंपण घालायला आपण कधी लागणार?