चीनला जाणारं खनिज आणि कोल्हापूरची भट्टी

पिग आयर्नचा भाव चढला की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एकच बोलणं सुरू होतं. आपलं लोखंड चीनला जातंय, म्हणून आपल्याला ते महाग पडतंय. बोलणाऱ्याचा संताप समजण्याजोगा असतो. कोल्हापूर परिसरात सुमारे ३०० फौंड्र्या आहेत. इंजिनाचे ब्लॉक, सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम आणि पंपांचे भाग इथं ओतले जातात. कच्च्या मालाचा दर किलोमागे दोन-चार रुपयांनी हलला तरी लहान फौंड्रीवाल्याचा महिना कोलमडतो. पण हा राग नेमका कुठं काढायचा हे ठरवण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. नाही तर साप साप म्हणून भुई धोपटल्यासारखं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे चीनला जातं ते लोखंड नव्हे, लोहखनिज. फौंड्रीला खनिजाचा थेट उपयोग नसतो. खनिज झोतभट्टीत जातं, तिथं कोक आणि चुनखडीबरोबर वितळतं आणि त्यातून पिग तयार होतं. कोल्हापूरला हे पिग मुख्यतः दोन दिशांनी मिळू शकतं. एक गोव्यातल्या आमोण्याच्या कारखान्यातून, दुसरी कर्नाटकातल्या कोप्पळ-होस्पेट पट्ट्यातून. फौंड्रीत ते पिग, भंगार आणि परत आलेले जुने ओतीव तुकडे असा मेळ बसवला जातो. क्युपोला भट्टीत पिगचं प्रमाण जास्त लागतं. इंडक्शन भट्टीत भंगार वाढवून पिग कमी करता येतं. म्हणजे खाणीतला दगड आणि शिरोलीतला साचा यांच्यामध्ये निदान तीन बाजार आहेत: खनिजाचा, कोळशाचा आणि भंगाराचा.

आणि घोडं पेंड खातं ते कोळशापाशी. एक टन पिगला साधारण दीड ते पावणेदोन टन खनिज आणि अर्ध्या टनाहून अधिक कोक लागतो. हा कोक ज्या कोळशापासून बनतो तो भारत बहुतांश आयात करतो, प्रामुख्यानं ऑस्ट्रेलियातून. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध पेटल्यानंतर, हा कोळसा टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. जगाच्या बाजारात पिग आयर्न विकणाऱ्या सर्वांत मोठ्या देशांत रशिया आणि युक्रेन होते. दोघेही एकाच वेळी अडकले. भारतात पिगचे भाव तेव्हाच विक्रमी उंचीवर पोचले. त्या वेळी गोव्यातलं खाणकाम कसं होतं? ते १६ मार्च २०१८ पासून, म्हणजे चार वर्षं, बंद होतं. साठून राहिलेला माल तेवढा हलत होता. खाणी बंद आणि पिग विक्रमी महाग, हे एकाच वेळी घडलं. सगळा दोष निर्यातीच्या जहाजावर टाकणाऱ्यांनी ही एवढी एक तारीख तरी ध्यानात ठेवावी.

दुसरा समज याच्या अगदी उलटा आहे आणि तो खाणवाल्यांच्या बाजूनं पसरवला जातो. गोव्याचं खनिज म्हणजे नुसती माती, इथं तिला कोणी विचारत नाही, चीन घेतो हे नशीबच. यात थोडं तथ्य आहे. शुद्ध हेमॅटाइटमध्ये सुमारे ७० टक्के लोह असतं. गोव्याच्या खनिजात ते बरंचसं ५८ टक्क्यांच्या आतबाहेर असतं, आणि त्यातला मोठा भाग भुकटीचा असतो. भुकटी झोतभट्टीत तशीच टाकता येत नाही. ती भाजून तिचे गठ्ठे करावे लागतात किंवा गोळ्या वळाव्या लागतात. लोह कमी म्हणजे सिलिका-ॲल्युमिना जास्त, मळी जास्त, कोक जास्त. चीनमधले कारखाने ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या उच्च प्रतीच्या खनिजात हा माल मिसळून वापरतात.

पण निकृष्ट म्हणजे निरुपयोगी नव्हे. नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोनं २००९ मध्येच हेमॅटाइटसाठी उंबरठा ४५ टक्के लोहावर आणला. त्याच्या वरचं खनिज कायद्याच्या लेखी कचरा ठरत नाही. धुऊन, चाळून, गोळ्या वळून असा माल वापरणारे कारखाने भारतात आहेत आणि वाढत आहेत. त्यामुळे ‘इथं कोणी घेत नाही’ या वाक्यापुढे ‘आजच्या दरात, आजच्या यंत्रणेत’ हे शब्द जोडायला हवेत.

चीन आपल्याच खनिजावर चालतो, हा आणखी एक समज. २०२३ मध्ये चीननं सुमारे ११८ कोटी टन लोहखनिज आयात केलं. २०२३-२४ मध्ये भारताची सगळ्या जगाला मिळून निर्यात साडेचार कोटी टनांच्या आसपास होती, आणि देशातलं उत्पादन २७ कोटी टनांच्या वर. म्हणजे आपण निर्यात थांबवली म्हणून चीनच्या भट्ट्या विझणार नाहीत. भाव ठरवण्याची ताकद आपल्याकडे नाही, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलकडे आहे.

मग निर्यात बंद केली की फौंड्रीला स्वस्त पिग मिळेल का? याचा एक प्रयोग देशात होऊन गेला आहे. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्या खनिजाच्या निर्यातीवरची दशकभराची बंदी उठवली. लगेच, २२ मेपासून, केंद्र सरकारनं खनिजावरचा निर्यात कर ५० टक्क्यांवर नेला. ५८ टक्क्यांखालच्या मालावर तोवर कर नव्हता, त्यावरही तो लागला. गोळ्यांवर ४५ टक्के आणि खुद्द पिग आयर्नवर १५ टक्के कर बसला. पुढच्या महिन्यांत पिग उतरलं. फौंड्र्यांना दिलासा मिळाला, हे खरंच. पण त्याच महिन्यांत कोकिंग कोळसाही निम्म्याहून खाली आला होता, आणि पिगची स्वतःची निर्यातही महागली होती. तेव्हा श्रेय एकट्या खनिजावरच्या कराला देता येत नाही. १९ नोव्हेंबर २०२२ पासून हलक्या खनिजावरचा, गोळ्यांवरचा आणि पिगवरचा कर पुन्हा शून्य झाला. सहा महिन्यांत दोनदा नियम बदलले. वर्षाचा करार करून ट्रॅक्टर कंपनीला ओतीव माल पुरवणाऱ्या कोल्हापूरच्या उद्योजकाला करापेक्षा ही धरसोड जास्त जाचते.

सर्वांत जास्त गोंधळ आहे तो गोव्याच्या खाणबंदीविषयी. ‘पर्यावरणवाल्यांनी खाणी बंद पाडल्या’ असं घाटाच्या दोन्ही बाजूंना म्हटलं जातं. वस्तुस्थिती निराळी आहे. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेनं दाद मागितली होती हे खरं, पण न्यायालयानं बोट ठेवलं ते परवान्यांवर. पोर्तुगीज काळातल्या खाण सवलती १९८७ च्या कायद्यानं भाडेपट्ट्यांत बदलल्या. त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली होती, हे सर्वोच्च न्यायालयानं २१ एप्रिल २०१४ च्या निकालात स्पष्ट केलं. मुदत संपल्यानंतरच्या काळातच उपसा टिपेला पोचला होता. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. मांडवी-जुवारीतून बार्जेसची रांग लागलेली असे. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगानं बेकायदा उत्खननामुळे झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये दिला. त्या आकड्यावर वाद झाले. पुढे सरकारनं ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, तेही न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केलं. नव्यानं परवाने द्या, असं सांगितलं.

मग डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले, आणि बोली विलक्षण निघाल्या. खनिजाच्या किमतीचा ६० टक्क्यांहून अधिक, काही ठिकाणी ९० टक्क्यांच्याही वरचा हिस्सा राज्याला द्यायला कंपन्या तयार झाल्या. त्याआधी राज्याच्या पदरात पडत असे ती रॉयल्टी, आधी १० आणि २०१४ पासून १५ टक्के. खनिज जमिनीखालचं असतं आणि ते जनतेच्या मालकीचं असतं. ते इतकी वर्षं कोणत्या भावात गेलं, हे या एका तुलनेतून दिसतं. निर्यातीच्या वादात ही बाब सर्वांत कमी बोलली जाते, आणि तीच सर्वांत मोठी आहे.

खाणीजवळ राहणाऱ्यांचाही हिशेब आहे. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळ यांवर जगणारी हजारो कुटुंबं बंदीत उघडी पडली, आणि ती सावरायला वर्षं गेली. त्याच पट्ट्यात भातशेतीत खाणीचा गाळ उतरल्याच्या, विहिरी आटल्याच्या तक्रारी कितीतरी वर्षं आधीपासून होत्या. आंबोली घाट उतरलं की सिंधुदुर्गातही हेच चित्र आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथं जुलै २०२१ च्या पावसात खाणीत साचलेलं पाणी बांध फोडून वस्तीत आणि बागायतीत शिरलं. रोजगार गेलेला माणूस आणि बाग गेलेला माणूस एकमेकांचे शत्रू असल्यासारखं मांडलं जातं. अनेकदा ते एकाच गावचे असतात.

हा पेच आपल्याकडेच आहे असंही नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात डांबरमिश्रित वाळूतून तेल काढतात. तेही असंच हलक्या प्रतीचं, काढायला महाग, निसर्गाला जड. कॅनडाच्या कच्च्या तेलाची नव्वद टक्क्यांहून अधिक निर्यात वर्षानुवर्षं शेजारच्या अमेरिकेला होत आली, आणि शुद्धीकरणाचा नफाही बराचसा तिकडेच राहिला. ही निर्यात वाढवण्यासाठी आखलेली कीस्टोन एक्सएल तेलवाहिनी ओबामांनी २०१५ मध्ये नाकारली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये मंजूर केली, बायडेन यांनी २० जानेवारी २०२१ ला रद्द केली. मे २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणारी विस्तारित ट्रान्स माउंटन वाहिनी सुरू झाल्यावर कुठं त्या तेलाला दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे जायची मोठी वाट मिळाली. एकाच खरेदीदारावर विसंबून कच्चा माल विकणाऱ्याची अडचण अल्बर्टात आणि गोव्याच्या मुरगाव बंदरात फार वेगळी नाही.

कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यानं या वादात बघ्याची भूमिका घेऊ नये. ‘निर्यात बंद करा’ ही मागणी सोपी आहे, पण तिनं कोकचा भाव उतरत नाही. खरी मागणी वेगळी हवी. ५८ टक्क्यांवरच्या मालावरचा कर टिकवा, हलक्या खनिजापासून गोळ्या वळणारे प्रकल्प खाणीजवळ येऊ द्या, फौंड्रीच्या दर्जाचं पिग देशात आधी पोचेल अशी सोय करा आणि नियम निदान दोन-तीन वर्षं हलवू नका. स्मॅक, गोशिमा आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या संघटनांनी ती आकड्यांसह मांडावी. आकडे गुप्त नाहीत. लोहखनिजाची राज्यवार, प्रतवार सरासरी विक्री किंमत भारतीय खाण ब्युरो दर महिन्याला जाहीर करतो. पिगच्या बिलाशेजारी ती आणि त्या महिन्याचा कोकचा दर लिहून ठेवायला एक वही पुरते.